कागदावरची मालकीण

काशीराम तोरसकर म्हणजे माझे काका, बाबांचे थोरले भाऊ. साकीनाक्याला त्यांचा गाळा होता आणि त्यात पाच लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं. मुलुंडच्या एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीला ते पितळेचे बुश करून द्यायचे. मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती अंगठीएवढी नळी म्हणजे बुश. गाळा काका आणि बाबा दोघांनी मिळून उभा केला होता. गिरणी सोडताना बाबांना जो फंड मिळाला, त्यातून पहिले दोन लेथ आले, असं आई म्हणायची. काका म्हणायचे, फंड आजारपणात गेला. कागद कुणाकडेच नव्हता. बाबा त्र्याऐंशी साली काविळीने गेले, आणि नंतर हा विषय निघाला की प्रेमाकाकी उठून आत जायची आणि भांडी जोरात आपटायची.

आम्ही दोघी घाटकोपरला भटवाडीत राहायचो. आई, रत्नप्रभा तिचं नाव, अकरा जणांचे जेवणाचे डबे करायची. गावाहून तांदूळ आले की काकी मला असल्फ्याला त्यांच्या घरी बोलवायची आणि दारातच पिशवी हातात द्यायची. "जपून वापर म्हणावं आईला. आमच्याकडे काय खाण नाय." मी मान डोलवायची. आत ये, असं ती कधी म्हणाली नाही. काका मात्र दर रविवारी मला गाळ्यावर बोलवायचे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. आठवड्याची चलनं ते माझ्याकडून लिहून घ्यायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे. "बघा, आमच्या शिवदासाच्या चेडवाचा अक्षर. छापल्यासारखा." शिवदास म्हणजे बाबा, आणि चेडू म्हणजे मुलगी.

शहाऐंशी सालचं बजेट फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी आलं. मी तेव्हा बारावीला, कॉमर्सला होते. त्या रविवारी गाळ्यावर गेले तर काका पेपर पुढ्यात घेऊन बसलेले आणि तोंडाचा पट्टा चालू. "घाम आमचो, हात आमचे कापतत, आणि वाटो ह्यांका!" समोर नाना बसले होते. नाना म्हणजे एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. कुर्ला-अंधेरी रोडवरच्या निम्म्या गाळ्यांचे कर आणि लायसन्सचे कागद तेच करायचे. त्यांनी काकांना समजावलं आणि ते ऐकता ऐकता मलाही समजलं. एक्साइज म्हणजे कारखान्यातून माल बाहेर पडताना सरकार घेतं तो कर. छोट्या कारखान्याला वर्षाच्या ठरावीक विक्रीपर्यंत तो माफ. नवीन बजेटमध्ये करांची सगळी दरपत्रकं बदलली होती, आणि नानांच्या हिशेबाने काकांचा माल यंदा त्या माफीच्या वर जाणार होता.

"आणि हे दुसरं काय लिहिलंय?" मी पेपरात बोट ठेवून विचारलं. मोठ्या कंपन्यांनी विकत घेतलेल्या सुट्या भागांवर जो कर भरला गेला असेल, तो त्यांना आता स्वतःच्या करातून वजा करून मिळणार, असं काहीतरी होतं.

"ते मोठ्यांचं," नाना म्हणाले. "आपल्याला त्याच्याशी काय करायचंय?"

पुढे सगळं महाभारत त्या एका ओळीवरून झालं. पण त्या दिवशी नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि तोडगा सांगितला. एका कारखान्याचे दोन करायचे. निम्मा माल एकाच्या नावावर, निम्मा दुसऱ्याच्या. दोघेही माफीच्या आत.

"दुसरो कोणाच्या नावार?"

"बायकांच्या नावावर करतात लोक. पण तुमच्या घरातल्या नकोत. एकाच चुलीवरची माणसं असली की साहेब लोक दोन्ही एक धरतात." नानांनी माझ्याकडे बघितलं. "हिच्या आईच्या नावावर करा. वेगळं बिऱ्हाड आहे, विधवा आहे. कोण बोलणार?"

दुसऱ्या रविवारी सकाळी दोघे भटवाडीत आले. आई डबे भरत होती.

"रत्नप्रभा, दहा-बारा सह्या करूच्या आसत," काका म्हणाले.

"कसल्या, भावोजी?"

"कसल्या तुका काय करूचा हा? तुझ्या भल्याच्याच आसत. महिन्याक तुका काय ते पैसे मिळतले."

आईने हात पुसले आणि सह्या केल्या. दहा-बारा नव्हत्या, चाळीसच्या वर होत्या. बँकेचा फॉर्म, सेल्स टॅक्सचा, लघुउद्योगाच्या नोंदणीचा, गाळ्याच्या मागल्या अर्ध्या भागाच्या भाडेपट्ट्याचा. तीन लेथ काकांनी तिला विकल्याचा एक कागदही होता. पैसे मिळाले, असं त्यावर आधीच टाइप केलेलं. मी तो वाचला.

"काका, ह्याच्यावर लेथ आईचे झाले असं लिहिलंय."

"कागदार गो, कागदार," काका हसले. "कागदार तर मी सरकाराक पन भितंय."

मे महिन्यात गाळ्याच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली, थेट पत्र्यापर्यंत. मागच्या गल्लीत दुसरं दार पाडलं. विजेचा दुसरा मीटर आला. दारावर पाटी लागली, 'रत्नप्रभा एंटरप्रायझेस'. धाकू नावाचा जुना टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, आणि आणखी दोघे जण आईच्या हजेरीपटावर चढले. पगार द्यायचे काकाच. चेकबुक काकांच्या कपाटात होतं, सगळे चेक आईने आधीच सह्या करून दिलेले.

पण नाना म्हणाले, साहेब कधीही येईल आणि मालकीण कुठे आहे विचारील, तेव्हा तिथे एक बाई दिसली पाहिजे. म्हणून आई रोज दुपारी, डबे पोचले की, साकीनाक्याला जाऊन बसायला लागली. एक टेबल, एक खुर्ची. पहिले दोन आठवडे काकांचे कामगार भिंतीपलीकडून हाक मारायचे, "मालकीणबाई, चाय सांगा ना!" आणि काका त्यांच्यात हसायचे. एकदा मुलुंडच्या कंपनीचा माणूस आला होता. त्याच्यासमोर काकांनी आईला उठवलं आणि खुर्ची त्याला दिली. आई भिंतीला टेकून अर्धा तास उभी राहिली. त्या दिवशी घरी आमटीत मीठ दोनदा पडलं.

नुसतं बसणं तिला जमेना. तिने धाकूला विचारलं, ह्या टोपलीतले आणि त्या टोपलीतले बुश वेगळे कशाने? धाकूने तिला गेज दिलं, म्हणजे माप तपासायचा लोखंडी तुकडा. एका टोकाला बुश बसला पाहिजे, दुसऱ्या टोकाला बसता कामा नये. आई रोज हजार-दोन हजार बुश तपासायला लागली. पावसाळा संपेपर्यंत तिला आवाजावरून कळायला लागलं की लेथचं हत्यार बोथट झालंय. एकदा तिने धाकूला मशीन थांबवायला सांगितलं. भिंतीपलीकडून काका धावत आले.

"मशीन कोणी बंद केल्यान?"

"मी," आई म्हणाली. "माल खराब निघत होता. बघा."

"तू कोण सांगणारी? तू कागदार आसस, रत्नप्रभा. कागदारच रव."

धाकूने मान खाली घातली. आईने खराब बुशांची टोपली उचलली आणि काकांच्या पायांपाशी ओतली. काका काही बोलायच्या आत ती पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. त्या महिन्यात कंपनीने काकांच्या बाजूचा माल परत पाठवला आणि आईच्या बाजूचा सगळा घेतला. काका ते विसरले नाहीत.

दिवाळीच्या आधी कंपनीच्या खरेदी खात्यातले जयवंत नावाचे साहेब आले. त्यांनी सरळ सांगितलं, "तोरसकर, आम्हाला आता एक्साइज भरलेलं बिल लागेल. तुम्ही कर भरलात की तो आम्हाला वजा मिळतो. तुमच्या माफीच्या मालावर आम्हाला काहीच मिळत नाही. जानेवारीपासून ज्याच्याकडे लायसन्स, त्याला ऑर्डर."

म्हणजे जो कर चुकवायला भिंत बांधली, तोच कर आता भरायला हवा होता. काकांचा संताप अनावर झाला. जयवंत गेल्यावर त्यांनी नानांना आईमाईवरून शिव्या घातल्या. मग ठरवलं, दोन्ही गाळे परत एक करायचे आणि स्वतःच्या नावावर एकच लायसन्स काढायचं. आईची कंपनी बंद करायचा कागद टाइप करून ते भटवाडीत आले. ह्या वेळी काकीही बरोबर होती.

"सही कर," काका म्हणाले.

आईने कागद माझ्या हातात दिला. "अनुपमा, वाच."

मी वाचला. तीनही लेथ, पाटी, बँकेचं खातं, सगळं काशीराम तोरसकर ह्यांना परत.

"मी काय करायचं मग?" आईने विचारलं.

"काय म्हणजे? डबे कर. आधी काय करी होतीस?"

"मी सही करणार नाही, भावोजी."

काकांना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी पेन पुढे केलं. आईने ते परत त्यांच्या खिशाला लावलं.

"तीन वर्षं पोसलं ह्या दोघींना!" काकी ओरडली. "माझ्या मुलांच्या तोंडचं काढून दिलं! सापाला दूध पाजलं!"

"वैनी, तुम्ही दिलेल्या तांदळात मी खडे निवडले," आई म्हणाली. "त्याची पावती मागू नका. ह्यांच्या फंडाची मी मागितली का?"

"लेथ माझे हत!" काका उभे राहिले. त्यांचा आवाज चाळीभर गेला असणार. "तुझ्या बापाशीचे न्हय!"

"मग सांगा ना सरकारला. जा, सांगा की लेथ तुमचे आहेत आणि तो कागद खोटा आहे."

काका तिच्याकडे बघत राहिले. तिला काय म्हणायचंय ते त्यांना हळूहळू कळलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. लेथ माझे म्हटलं की दोन कारखाने खोटे ठरणार. मग मेपासूनच्या सगळ्या मालावर कर, वर दंड, आणि खटला काकांच्या नावावर. दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांना हेच सांगितलं आणि आपली छत्री घेऊन ते निघून गेले. परत कधी काकांच्या गाळ्यात दिसले नाहीत.

पुढचे दोन महिने काकांनी आईला जेवढा त्रास देता येईल तेवढा दिला. पाण्याचा नळ त्यांच्या बाजूला होता, त्याला कुलूप लागलं. मागच्या गल्लीतल्या दारासमोर त्यांनी पितळेच्या भुश्याची पोती रचली. आई आणि धाकूने ती रोज सकाळी बाजूला केली. सही केलेले चेक काकांकडे होते, म्हणून आई बँकेत गेली आणि मॅनेजरसमोर बसून ते सगळे रद्द करून आली. काकांनी धाकूला दुप्पट पगार देऊ केला. धाकू दोन दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. का आलास, असं आईने विचारलं नाही. पण त्या दोन दिवसांचा पगार तिने कापला.

आईसुद्धा काही देवी नव्हती. तिने जयवंतसाहेबांना गाठून सांगितलं की जानेवारीपासून करासकट बिल आपण देऊ, आणि काकांच्या वाट्याची ऑर्डरही आपल्याकडे मागितली. हे तिने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, त्यांच्या वाट्याची कशाला?"

"का? तुला दया आली?"

"आपलं भागतंय तेवढ्यात."

"मला भागवायचं नाहीये," ती म्हणाली.

लायसन्सचा अर्ज इंग्रजीत होता. तो मी भरला. अक्षर छापल्यासारखं आलं.

जानेवारीत तपासणीला एक्साइजचा इन्स्पेक्टर आला. तरुण, सडपातळ, चहासुद्धा घेतला नाही. त्याने आधी आईची बाजू बघितली. लेथ कुठला, मोटर किती हॉर्सपॉवरची, दिवसाला किती नग, खराब किती निघतात, सगळं तो आईलाच विचारत होता. आईने एकाही प्रश्नाला धाकूकडे बघितलं नाही. मग त्याने विक्रीचा कागद काढला.

"ही मशीन तुम्ही काशीराम तोरसकरांकडून घेतलीत. ते तुमचे कोण?"

"दीर."

"बाजूचा गाळा त्यांचाच ना? बोलवा त्यांना."

काका आले. हात पुसायचं फडकं त्यांच्या खांद्यावर होतं. इन्स्पेक्टरने त्यांना बसायला सांगितलं नाही. गाळ्यात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर आई होती. ती उठली नाही.

"ह्या युनिटशी तुमचा काय संबंध?"

काकांनी फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी सरळ विचारतो. बरेच लोक नातेवाइकांच्या नावावर खोटी युनिटं काढतात. हे त्यातलं असेल तर आत्ता सांगा. ही मशीन तुमची की ह्यांची?"

लेथ बंद होते. काकांनी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ते सांगून टाकणार, स्वतः बुडतील पण हिला बुडवतील. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. आई त्यांच्याकडे पापणी न हलवता बघत होती. तिच्या नजरेत भीती नव्हती आणि विनवणी तर अजिबात नव्हती. हे बघून मलाच भीती वाटली.

"तिची," काका म्हणाले.

"मोठ्याने बोला."

"तिची हत. मी इकलंय तिका."

"लिहून द्या. मराठीत चालेल."

काकांना लिहायची सवय नव्हती. गाळ्यातलं सगळं मीच लिहायची. इन्स्पेक्टर सांगत गेला आणि काका टेबलावर वाकून, उभ्यानेच, एकेक अक्षर काढत गेले. 'सदर तीन मशीन मी माझी भावजय श्रीमती रत्नप्रभा शिवदास तोरसकर हिला विकली असून पूर्ण रक्कम मला मिळाली आहे. सदर कारखान्यावर माझा कोणताही हक्क नाही.' हक्क हा शब्द त्यांनी दोनदा खोडला. खाली सही केली. सही करताना शेजारी ठेवलेल्या अर्जावर त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली.

"ह्या अक्षर तुझा मा?" त्यांनी मला विचारलं.

"हो, काका."

खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी बोटांवरची शाई पुसली, फडकं तिथेच टेबलावर टाकलं आणि निघून गेले. इन्स्पेक्टर गेल्यावर आईने ते फडकं दोन बोटांत धरून भुश्याच्या पोत्यात टाकलं.

"लावा रे मशीन," ती म्हणाली.

लायसन्स मिळालं. काकांना कागद करून द्यायला आता नाना नव्हते आणि मीही नव्हते, त्यामुळे त्यांचं लायसन्स निघालंच नाही आणि मुलुंडची ऑर्डर पूर्ण आमच्याकडे आली. काकांनी दोन-तीन छोट्या गिऱ्हाइकांवर वर्ष काढलं. त्या गिऱ्हाइकांना एक्साइजशी देणंघेणं नव्हतं, पण ती वेळेवर पैसेही द्यायची नाहीत. त्यांचे दोन कामगार आईकडे आले. आईने एकाला घेतलं. दुसऱ्याला, जो भिंतीपलीकडून चहा सांगायचा त्याला, तिने गल्लीतूनच परत पाठवलं. सत्त्याऐंशीच्या गणपतीला आम्ही कणकवलीजवळच्या गावच्या घरी गेलो, तर सगळी भावकी ओटीवर बसलेली आणि आमच्याशी कुणी बोलेना. आरतीच्या वेळी काकीने ताट माझ्यासमोरून पुढे नेलं. आई आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही परत आलो. पुन्हा गेलो नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला काकांनी त्यांचे दोन लेथ विकले. त्यांच्या बाजूला फोमच्या गाद्यांचं गोडाऊन झालं. काका एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले, दुसऱ्याच्या लेथवर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. हे मला धाकूने सांगितलं. आईलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "हात चांगला आहे त्यांचा. कुठेही काम मिळेल." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मायाही नव्हती.

एकदा मी तिला विचारलं, तुला वाईट वाटत नाही का? ती चलनं तपासत होती. "खोटं मी कुठे बोलले?" ती म्हणाली. "लिहिलं त्यांनी, सही त्यांनी केली. मी फक्त उठले नाही."

बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा मी तिला न सांगता पेढे घेऊन असल्फ्याला गेले. टेकडीवरची ती अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंनी वाळत घातलेले कपडे. दार काकांनी उघडलं. केस पार पांढरे झाले होते. मी वाकून पाया पडायला गेले तर ते मागे सरले.

"पास झाले, काका. फर्स्ट क्लास."

त्यांनी पुड्याकडे बघितलं, हात पुढे केला नाही. आतून काकीने विचारलं, कोण आलंय?

"कोण नाय," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, जवळजवळ पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "ता सगळा मी सहन केलंय असतंय गो. तिना घेतल्यान, घेवंदे. पन त्या अर्जार तुझा अक्षर नको होता."

मी काहीतरी बोलणार होते. दार बंद झालं. आतली कडी लागलेली मला ऐकू आली. मी पेढे पिशवीत ठेवले आणि उतार उतरले. घरी आले तेव्हा आई गाळ्यावरून नुकतीच परतली होती. कुठे गेली होतीस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मैत्रिणीकडे. तिने पिशवीतला पुडा काढला, एक पेढा अर्धा करून मला भरवला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि म्हणाली, उद्यापासून सकाळी आठला गाळ्यावर यायचं.